जर्मनीतली सगुणा

"आबा, लावू का आता?" समाधाननं स्पीकर विहाराच्या ओट्यावर ठेवला आणि मोबाईल हातात धरून चुलत्याकडं पाहिलं.

"थांब जरा," माणिकराव म्हणाले. "वनमाला यायचीय."

"मी कवाची आलेय, दाजी! तुमच्या म्होरंच तर बसले," त्यांची मेहुणी म्हणाली. बाया हसल्या.

तरी माणिकराव 'लाव' म्हणेनात. रविवारची वंदना संपली होती, पण वस्तीतलं कुणी घरी गेलं नव्हतं. जलशाच्या नाटकातली जी सगुणा त्यांची बायको केशरबाई तीस वर्षं गावोगाव गायली, ती सगुणा आता जर्मनीत गात होती. मुलगी पौर्णिमा हॅम्बुर्गला नर्स होती. तिथल्या एका हौशी नाटकमंडळीला तिनं आईचा सगळा जलसा म्हणून दाखवला. त्यांनी तो आपल्या भाषेत बसवला आणि त्याचं रेकॉर्डिंग काल पाठवलं.

केशरबाईचा आवाज मात्र कुणी कधी भरून ठेवला नव्हता. रोज तर गाते, भरायचं कशाला? आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तेव्हापासून माणिकराव रोज सकाळी अंथरुणातच डोळे मिटून तिचा आवाज आठवून बघत. अजून यायचा. कधी उशिरानं, पण यायचा.

भीती होती ती तो आवाज जाण्याचीच. त्यांची आई वारली तेव्हा अंबाजोगाईच्या फोटोवाल्यानं मतदान कार्डावरचा तिचा फोटो मोठा करून दिला होता. साडी रंगवली, गाल भरले. तो भिंतीवर लावला आणि महिनाभरात आईचा खरा चेहरा जो गेला, तो गेलाच. आता आई म्हटलं की फोटोच दिसायचा. ही जर्मन बाई एकदा कानात शिरली की केशरही तशीच जाणार.

काल फोनवर त्यांनी पौर्णिमाला विचारून पाहिलं होतं, "नाही ऐकलं तर चालंल का गं?"

"असं कावून म्हणता, आबा? आईचंच हाय ते."

त्यांनी फोन ठेवून दिला होता.

"कावून घाबरायलात, दाजी?" वनमाला हळूच म्हणाली. "दुसऱ्या बाईचं ऐकलं म्हणून अक्का काय भांडायला येणार हाय का?"



"लाव," माणिकराव समाधानला म्हणाले.

आधी पियानो वाजला. मग बाईचा आवाज आला. मोठा, स्वच्छ. मुलाला शाळेत धाडणाऱ्या सगुणाचं गाणं. शब्द कळत नव्हते, पण चाल तीच होती.

"लई गोड गळा हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

माणिकरावांनी केशरबाईचा आवाज मनात घट्ट धरला. एक ओळ धरली. दुसरी निसटली. तिसऱ्या ओळीला तिला शोधायला गेले, तर तिथं ती जर्मन बाईच उभी होती. उठून जावं म्हणून त्यांनी भिंतीला हात टेकला.

शेवटच्या कडव्यात एका ओळीच्या मधोमध ती बाई थांबली. पियानोही थांबला.

"नेट गेलं वाटतं," समाधाननं मोबाईलकडं बोट नेलं.

"हात लावू नको!"

सगळे वळून पाहू लागले.

जलशाचा पडदा माणिकरावांकडं असायचा. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये दोन बोटं गेल्यामुळं पडदा पाडायच्या दोरीची गाठ त्यांना लवकर सुटायची नाही. म्हणून केशरबाई त्या ओळीत मुद्दाम थांबायची आणि ओठ न हलवता विंगेकडं म्हणायची, "सोडा की हो लवकर!" लोकांना वाटायचं, सगुणाचा गळा दाटला. पौर्णिमालाही तसंच वाटलं असणार. तिनं ते थांबणं गाण्यातलंच समजून तिकडच्या लोकांना शिकवलं होतं. आणि त्या थांबण्यात आज केशरबाईचा आवाज लगेच आला.

गाणं पुढं सुरू झालं आणि संपलं. टाळ्या वाजल्या.

"परत लावू का, आबा?"

"लाव. पण सगळं नको," माणिकराव म्हणाले आणि भिंतीवरचा हात काढून नीट मांडी घालून बसले. "ती थांबली ना, तेवढंच लाव."