मोफत नव्हे, मुक्त

प्रकाशनाच्या साहेबांनी माझ्या तिन्ही पत्रांना एकच उत्तर पाठवलं होतं: 'बायबलचे नवे भाषांतर मोफत देता येणार नाही.' मी 'मोफत' एकदाही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं 'मुक्त'.

म्हणून चौथ्या खेपेला पत्राऐवजी मी मावशीलाच घेऊन गेले. शाळेचा गणवेशही बदलला नाही. बघू देत, कोण लिहितं ते.

मावशीची नजर दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ती फोनवरचं कानात ऐकते, तेच मोठ्यानं म्हणते आणि चर्चमध्ये वाचन करते. नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. ज्या सॉफ्टवेअरमधून ती ऐकते ते मुक्त आहे, म्हणजे कुणा एकाच्या मालकीचं नाही. ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून ते बनवतात, आणि आपल्या भाषेचं काम माझ्याकडे आहे. पण त्यात जुनंच भाषांतर घालता येतं, कारण त्याचे हक्क संपलेत. चर्चमध्ये सगळ्यांच्या हातात आता नवं. मावशी वाचते एक, लोकांच्या पुस्तकात भलतंच. शेवटी पाळक तिला म्हणाले, "या रविवारपासून तुम्ही विश्रांती घ्या." तीस वर्षं वाचणाऱ्या बाईला म्हणे विश्रांती.

साहेबांच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे छताला टेकले होते. डिंकाचा वास येत होता. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, मला नाही.

"ताई, हे लेकराचं खूळ आहे," ते म्हणाले. "मुक्त म्हणजे कुणीही उघडणार, कुणीही बदलणार. देवाचं वचन आहे हे. उद्या कुणी काना-मात्रा फिरवली तर?"

"काका, बदलता येतो तो प्रोग्रॅम," मी म्हणाले. "तुमचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये, कुलूपबंद. त्यातलं एक अक्षर हललं तर प्रोग्रॅम ती फाइल वाचतच नाही. ते कुलूप मीच बसवलंय."

"आमच्याकडे अक्षर हलत नाही. सातजण तपासतात."

मावशी हसली. ते हसू मला ठाऊक आहे. त्यानंतर समोरच्याची धडगत नसते.

"भोंग्या, वाच गं ती उधळ्या मुलाची गोष्ट." घरी मला भोंगाच म्हणतात.

टेबलावरची प्रत उचलून मी पान काढलं. पोराजवळचं सगळं संपतं, डुकरं राखायची वेळ येते, आणि तो ठरवतो, उठायचं आणि जायचं. "पापाकडे," मी वाचलं.

"बापाकडे," साहेब म्हणाले.

"छापलंय तसं वाचतेय, काका. घरीसुद्धा मावशीला असंच वाचून दाखवलं."

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकाला लावलं. बराच वेळ ते पान खाली आलं नाही.

"सातजण दमले असतील," मावशी म्हणाली. "त्यांनाही विश्रांती द्या."

"पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"तोवर पोरगा पापाकडेच?" मी म्हणाले. "तुम्ही दुरुस्त केलेली फाइल द्या. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनमध्ये त्याला बापाकडे पोचवते."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "बायबलातलं एक शुभवर्तमान देतो. एका वर्षापुरतं."

सकाळी कुणी एवढं दिलं असतं तर मी नाचले असते. "नको," मी म्हणाले. "वर्ष संपलं की मावशीनं काय करायचं, विसरून जायचं? सगळं द्या. नाहीतर नकार कारणासकट लिहून द्या, मी तो चर्चच्या फळ्यावर लावते."

"धमकी देतेस?"

"छे. मोफत सांगतेय."

मावशीला खोकला आला, पण तो खोकला नव्हता.

"शुक्रवारी मंडळाची बैठक आहे," साहेब म्हणाले. "संपूर्ण भाषांतराचा अर्ज ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

"ठेवा," मावशी उठली. "आणि रविवारी मी वाचायला उभी राहणार आहे. नवं मिळालं तर नवं, नाहीतर जुनं. पाळकांना काय करायचं ते करू दे."

जिन्यात तिनं कानात इअरफोन घातला आणि रविवारचा उतारा म्हणायला सुरुवात केली. जुन्याच भाषांतरातला, भरदार आवाजात. सगळा जिना घुमला. वरच्या मजल्यावर एक दार उघडलं, मग दुसरं. मावशी थांबली नाही आणि मीही तिला थांबवलं नाही.