उताणी मेंढी

“कर सुरू,” म्हणत खेर्दाबाईंनी घड्याळाचं बटण दाबलं. आता मिनिटभर त्यांच्या तोंडाला कुलूप. तपासणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही, हा नियम त्या छत्तीस वर्षं पाळत आल्या होत्या.

समोर आठ वर्षांची मिन्के. बाप समुद्राच्या बांधावर मेंढ्या चारणारा. पोरीचं डोकं तल्लख, पण वाचन गोगलगायीचं. मिनिटात साठ शब्द झाले तर ती याच शाळेत राहणार होती. नाही झाले, तर उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर रोज पांढरी गाडी तिला शहरातल्या खास शाळेत नेणार होती. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. मिन्केला यातलं काही माहीत नव्हतं.

आज मात्र पोरगी सुटली होती. बोट वाचनाच्या कार्डावरच्या ओळींवरून सरसर पळत होतं. चाळीस झाले आणि अजून निम्मं मिनिट बाकी. बाईंच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात बोट थांबलं.

“बाई, हे चुकलंय.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“इथे लिहिलंय, मेंढी उताणी पडून मजेत झोपली. अशी नाही हो झोपत मेंढी. उताणी पडली की तिला उठताच येत नाही. पोट फुगून मरते. बाबा म्हणतो, दिसली की हातातलं टाकून पळायचं.”

वाच गं पोरी, पुढे वाच, असं बाई डोळ्यांनी विनवत राहिल्या. मिन्केला वाटलं, बाईंना नीट कळलेलं नाही. “लोकरीचं ओझं असतं ना अंगावर,” तिनं समजावलं.

घड्याळ वाजलं.

बाईंना संताप आला, तो मजकूर लिहिणाऱ्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. वाचलेलं पटतं का ते बघत जा, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

दारात मुख्याध्यापक विब्रेन आला. बाई उठून त्याच्यापाशी गेल्या.

“सत्तेचाळीस,” त्या हळूच म्हणाल्या. “पण तिनं मजकुरातली चूक काढली रे. म्हणून थांबली.”

“कळतंय मला, खेर्दा. पण मी ते कुठे लिहू? रकाना आकड्याचाच आहे.” त्यालाही वाईट वाटत होतं. तो मान खाली घालून गेला.

मिन्के अजून कार्डाकडेच बघत होती. “मग तिला कुणी उठवलं का?”

कार्डावरची मेंढी शेवटच्या ओळीपर्यंत झोपलेलीच होती. बाईंनी कार्ड पालथं घातलं.

“उठवलं. एक मुलगी पळत आली. दोन्ही हातांनी लोकर धरून तिनं तिला उभं केलं.”

“मग ठीक,” म्हणत मिन्के खेळायला पळाली.

बाईंनी निकालाच्या कागदावर, आकड्याच्या रकान्यात सत्तेचाळीस लिहिले, नीट, सुवाच्य. खाली सही केली.