दाराबाहेरच्या चपला

देवयानीचं ऑफिस शेजारच्या दारात होतं. सगळ्या मजल्याला ते ठाऊक होतं. फक्त तिच्या लेकीला, साडेतीन वर्षांच्या क्षिप्राला, सांगायचं नव्हतं.

तसं हे नशीब तिनंच पत्करलेलं. लेक लहान म्हणून तिनं राजीनामा टाकला, तेव्हा तिचे साहेब, आनंद सर, पाया पडायचेच काय ते बाकी राहिले. त्या कामाला माणसं मिळत नव्हती. मिळालेली महिनाभरात दुसरीकडे उडी मारत होती. घरून कर, तुझ्या सोयीनं कर, पण सोडू नकोस, म्हणाले. नौपाड्यातल्या मैत्रिणींनी तिचा हेवा केला. मग हाताखालची दोघं सोडून गेली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि सोयीनं करायचं काम सकाळच्या चहापासून रात्रीच्या ओट्यापर्यंत पसरलं.

क्षिप्रा लॅपटॉपवर चढायची. खोलीचं दार लावलं की दाराला तोंड लावून रडायची. मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जायचं. एकदा सर म्हणाले, "आज अलार्म लवकर वाजला वाटतं." सगळे हसले. देवयानीही हसली.

तोड काढली सासूबाईंनी. शेजारच्या विमलमावशींचा मुलगा परदेशी, त्याची खोली रिकामी. तेव्हापासून देवयानी रोज ड्रेस बदलून, पर्स अडकवून क्षिप्राला टाटा करी, जिना उतरे, आणि वरचं दार लागल्याचा आवाज आला की पाय न वाजवता परत येऊन मावशींकडे शिरे. चपला बाहेर काढी. मावशींच्या घरात चपला आत न्यायची रीतच नव्हती.

जुन्या इमारतीतली पातळ भिंत. सुरुवातीला पलीकडून रडणं यायचं आणि देवयानी कानांवर हेडफोन घट्ट दाबायची. मग ते थांबलं. रुळली हो पोर, असं सासूबाई म्हणाल्या. देवयानीला हायसं वाटलं. आणि ते वाटल्याचंच वाईट वाटलं.

एका दुपारी, पोर झोपली असेल या हिशेबानं, घरून चार्जर आणायला म्हणून तिनं मावशींचं दार उघडलं. बाहेर फरशीवर क्षिप्रा बसलेली, आईच्या चपलांत दोन्ही पाय घालून. ती दचकली नाही, धावतही आली नाही. हळूच म्हणाली, "ऑफिस सुटलं?"

आतून लॅपटॉपवरून सर तिला हाक मारत होते.

"नाही गं राणी. अजून आहे."

"बरं." पोरीनं पाय काढून घेतले, आईला घालायला सोप्या जाव्यात तशा चपला सरळ मांडल्या आणि आपल्या घरात निघून गेली.

संध्याकाळी मावशी बोलल्या. "आजीचा डोळा लागला की रोज येऊन बसते. आत ये म्हटलं, तर म्हणते, आईच्या ऑफिसात आवाज करायचा नसतो. तुला सांगणार होते गं, पण मग तुझं कामात चित्त लागलं नसतं."

देवयानीनं सरांकडे दुपारची सुट्टी मागितली. ते खरोखर मायेनंच बोलले. "घे की. नाही कोण म्हणतंय? फक्त तुझं काम कुणाला देऊ, तेवढं सांग." सुट्टीचा विषय तिथंच मिटला.

जिना उभा, कठडा डुगडुगता. पोर एकटी बाहेर बसणं बरं नव्हे. सासूबाईंनी जाळीच्या दाराला वरची कडी लावायचं कबूल केलं. आणि दुपारभर जाळीतून चपलांकडे बघत राहील म्हणून दुसऱ्या दिवशी देवयानीनं मावशींना विचारून चपला आत घेतल्या, टेबलाखाली ठेवल्या.

दुपारी मीटिंग चालू असताना जाळीचं दार हललं. देवयानीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. भिंतीपलीकडून क्षिप्राचा आवाज आला. रडका नव्हता, एखादी खबर सांगावी तसा होता.

"आजी, आज आई खरंच गेली."

देवयानीनं टेबलाखाली पायानं चपला चाचपल्या आणि दोन्ही पाय त्यांत घातले.

"देवयानी, आहेस ना?" सरांनी विचारलं.

"आहे, सर," ती म्हणाली.