फल्गूचं पाणी

पिंपळाचं एक पान हलत होतं आणि त्याच्या शेजारचं स्थिर होतं. वारा असा नव्हताच. देठ लांब, बारीक. त्यामुळे पात्याचा तोल कशानेही ढळतो — पुष्पावतीने हे राहात्याच्या शाळेत दरवर्षी शिकवलं होतं... पण एकच पान का, हे काही त्यातून सुटत नव्हतं.

"ह्योच का त्यो? देव बसला हुता त्यो?"

सासूबाई, भागूबाई, कठड्याशी मान वर करून उभ्या होत्या. पुष्पावतीने सांगितलं, की मूळचं झाड केव्हाच गेलं. हे त्याच्या वंशातलं, एकोणिसाव्या शतकात लावलेलं.

"म्हंजी पाटीलकीवानी. मानूस गेला तरी गादी चालूच."

पुष्पावतीला हसू आलं. बोधगयेच्या त्या उंच देवळाच्या सावलीत, मे महिन्याच्या उन्हात — आणि कालच तर गयेला तिच्या नवऱ्याचे, गोरक्षनाथचे, पिंड दिले होते. पिंड देणारे धाकटे दीर आज धर्मशाळेत झोपून होते. फल्गू कोरडी होती. वाळू उकरून पाणी काढायचं, तेव्हा भागूबाई पदर खोचून स्वतःच बसल्या, आपल्या तिसगावच्या नदीगतच हाय की ही, म्हणाल्या. ते पाणी तांब्यात भरून, वर फडकं बांधून, घरच्या देवांसाठी त्या जपून नेत होत्या.

मग अक्षयवटाखाली गयावळ, म्हणजे तिथला पंडा, म्हणाला, आवडीचं एक फळ जन्मभरासाठी सोडा. यात्रेतल्या बायका हुशार. कुणी फणस सोडला, कुणी लिची — तिसगावच्या बाजारात जे कधी दिसतच नाही ते. भागूबाईंनी सीताफळ सोडलं. बांधावरचं पहिलं सीताफळ त्या धान्यात पुरून गोरक्षनाथसाठी ठेवायच्या. तो गेल्यावर पुष्पावतीसाठी ठेवू लागल्या, दिवाळीच्या सुट्टीत ती येईपर्यंत. गयावळ तिच्याकडे वळला तेव्हा भागूबाईच मध्ये बोलल्या.

"तिला नका सोडाया लावू. तिनं लई सोडलंय."

पुष्पावतीला तेव्हा आसाराम सर आठवले होते... तिच्याच शाळेत गणित शिकवतात ते. पहिली बायको बाळंतपणात गेली. भागूबाई एकदा राहात्याला आल्या तेव्हा सरांनी त्यांना एसटीत खिडकीशी जागा धरून दिली होती, आणि मास्तर पोरीगत लाजतो, असं भागूबाई पुढे कितीतरी दिवस सांगत होत्या. त्या मास्तरांनी तिला लग्नाचं विचारलं त्याला दोन पावसाळे झाले — पाऊस न पडलेले पावसाळे. त्यांना वाटतं, ती लोकांना भिते. लोकांचं काय एवढं! पण हो म्हटलं, की मग तिसगावच्या त्या उंबऱ्यात मी कोण म्हणून जायचं? धान्यात हात घालून त्या फळ चाचपतील ते कुणासाठी? आवडीचं एक सोडा... माझ्या आवडीचं तर हे समोर उभं आहे, नऊवारीत, तांब्या सांभाळत.

परतताना वाटेवर ऊन आलं होतं. चपला बाहेर, फरशी तापलेली. भागूबाईंचे पाय शेतातले. त्या सरळ चालत गेल्या. पुष्पावती सावलीच्या कडेला थबकली. भागूबाईंनी मागे पाहिलं, परत आल्या, तांब्याचं फडकं सोडलं आणि तिच्या पुढ्यातल्या दगडावर पाणी ओतलं.

"ठेव पाय."

"आत्याबाई, ते देवांचं—"

"देव घरी सावलीत हायेत. ठेव."

तिने पाय ठेवला. ओल कडेकडून आत आटत येत होती. भागूबाई वाकून पुढच्या दगडावर धार धरत होत्या, मग त्याच्या पुढच्या. दारापर्यंत हे पाणी पुरणार नव्हतं, हे दोघींनाही दिसत होतं, आणि तरी त्या हात आखडत नव्हत्या... पुष्पावतीने पुढच्या दगडावर पाऊल टाकलं. भीती होतीच, पण आता ती वाट अडवून उभी नव्हती, सोबत चालत होती. या बाईला काही लपवून ठेवून या ओल्या दगडांवरून चालता येणार नाही, एवढंच तिला स्पष्ट कळलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, वर्गात बोलते तितक्याच सरळ आवाजात, "मी आसाराम सरांशी लग्न करणार आहे."