दोनदा टकटक

तिने बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा टकटक केली आणि पलीकडची धडधड थांबली.

मग तिने हेडफोन चढवले, वाळूत पुरलेल्या नळावर आपलं यंत्र टेकवलं आणि डोळे मिटले. जमिनीखालच्या नळाला कुठे गळती आहे, हे वरून ऐकून सांगणारं यंत्र ती बनवत होती. गळती फार हळू बोलते. खोलीत कोणी खुर्ची सरकवली तरी सगळं बिनसतं, आणि इथे तर भिंतीपलीकडे दिवसभर एक लोखंडी दांडा रबरी पावलावर आदळत असायचा. पलीकडचा शेजारी लहान मुलांसाठी कृत्रिम पाय करायचा, मूल वाढेल तसा वाढवता येणारा. औद्योगिक वसाहतीत त्याला सगळे पायवाला म्हणत आणि तिला कानवाली. दोघांना जोडूनही अख्खा माणूस होत नाही, अशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याची थट्टा होती.

दोनदा टकटक म्हणजे थांबवा, एकदा म्हणजे झालं माझं, करा सुरू. भिंतीतून एवढंच बोलणं. टकटक करायची ती तिने आणि ऐकायची ती त्याने, असंच पडून गेलं होतं.

आज मात्र तिचं लक्ष लागेना. सकाळीच संशोधन खात्याचा निकाल लागला होता. गेल्या खेपेला दोघांनाही अनुदान मिळालं होतं. या खेपेला तिला भरघोस मिळालं आणि त्याला काहीच नाही.

तिने एकदा टकटक केली. धडधड सुरू झाली नाही. त्याऐवजी तिचं दार उघडलं आणि पायवाला थर्मास आणि दोन पेले घेऊन आत आला.

“अभिनंदन, बाई. पार्टी मी नंतर वसूल करणार आहे. आज चहावर भागवू.”

“दादा, मीच येणार होते तुमच्याकडे.”

“येणार होतीस, पण आली नाहीस. आणि तोंड का एवढंसं झालंय? अनुदान मिळालंय तुला, दंड नाही झालेला.”

ती हसली, कारण हसायला हवं होतं. त्याच्या विजारीच्या गुडघ्याला रबराचा भुगा लागला होता. तो त्याने झटकला आणि तिच्या स्टुलावर नेहमीसारखा ऐसपैस बसला. तिला वाटलं, याने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

लहान उद्योगांना संशोधनासाठी सरकार जे अनुदान द्यायचं, त्याची कमाल मर्यादा कित्येक वर्षांत जागची हलली नव्हती. भाव मात्र चढत गेले होते. त्या पैशात कोणाचंच यंत्र पुरं व्हायचं नाही, सगळ्यांची अर्धीमुर्धी धूळ खात पडायची. मर्यादा वाढवा म्हणून सगळ्यांना गोळा केलं ते तिनेच. पायवाला तयार नव्हता. आपण बरं, आपलं काम बरं, असा त्याचा स्वभाव. तिने त्याच्या मागे लकडा लावून त्याला सुनावणीला नेलं, आणि बोलायला उभी राहिली तेव्हा त्याने बनवलेला एक पाय उचलून समितीच्या टेबलावर ठेवला.

“हा पाय एका लहान मुलीचा आहे,” ती म्हणाली होती. “ती वाढतेय आणि पाय थांबलाय. कारण तुमची मर्यादा थांबलीय.”

सभागृहात मागच्या रांगांतले लोक तो पाय बघायला उठले होते. ती मुलगी पायवाल्याची भाची होती, आणि नेमका तेव्हाच तिचा फोन आला म्हणून तो बाहेर गेला होता. तो बाहेर असतानाच अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं होतं, एकूण निधी मात्र तेवढाच राहील, मर्यादा वाढवली तर कमी जणांना मिळेल, हे तुम्हाला मान्य आहे का?

तिने दाराकडे वळून पाहिलं नव्हतं. “मान्य आहे,” ती म्हणाली होती. “आम्हा सगळ्यांचं हेच मत आहे.”

ते कमी जण कोण असतील याचा हिशेब त्या क्षणी तिच्या मनात चटकन होऊन गेला होता, आणि त्यात ती स्वतः आत होती. तो क्षण आठवला की आजही तिच्या कानाच्या पाळ्या तापत. तो परत येऊन शेजारी बसला, तेव्हा तिने त्याला फक्त पाण्याची बाटली पुढे केली होती.

“दादा,” ती आता म्हणाली, “सुनावणीला तुम्ही फोन घ्यायला बाहेर गेलात ना…”

“भाचीचा होता. पाय टोचतोय म्हणत होती.” तो चहा ओतत होता.

“तेव्हा अध्यक्षांनी एक प्रश्न विचारला होता.”

“हो. बाहेरच्या बाकड्यांपाशी स्पीकर होता ना. आतलं सगळं ऐकू येत होतं. तुझा आवाज तर अगदी खणखणीत.”

त्याने पेला तिच्यासमोर ठेवला. तिला तो उचलवेना. दुसऱ्याच्या नळातली थेंबभर गळती हुडकणारी ती, आणि एवढे दिवस हा माणूस भिंतीपलीकडे सगळं ठाऊक असून तिच्या टकटकीसरशी यंत्र बंद करत होता, याचा तिला पत्ताही नव्हता.

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत?”

“वाटलं, परतताना गाडीत सांगशील. मग वाटलं, उद्या सांगशील.” त्याने थर्मासचं झाकण उचललं. “मग सोडून दिलं. अगं, तू बोललीस त्यात चूक काहीच नव्हतं. घास मोठे केले की पानं कमी वाढावी लागतात. फक्त ते ‘आम्हा सगळ्यांचं’ म्हणालीस ना…”

झाकण वाकडं बसलं होतं, ते काढून त्याने पुन्हा लावलं.

“दादा, मी…”

“ते राहू दे. कामाचं ऐक. उद्यापासून टिकाऊपणाच्या चाचणीसाठी पाय सलग चालवायचाय. मध्ये थांबला की सगळं पहिल्यापासून. टिकला तर एक इस्पितळ आराखडा घ्यायला तयार आहे. माझा धंदा राहो न राहो, पोरांना पाय तरी मिळतील. चाचणीचं यंत्र भाड्याचं आहे, थोड्याच दिवसांत ते न्यायला माणूस येतोय, त्यामुळे दुसऱ्यांदा चालवायची सोय नाही. तेवढे दिवस टकटक करू नकोस.”

“नाही करणार.”

दुसऱ्या दिवसापासून भिंत अखंड धडधडत राहिली. तिने हेडफोन खुंटीला टांगले आणि तारा जोडणं, डबे रंगवणं, असली बिनकानाची कामं काढली. जेवतानासुद्धा ती त्या ठोक्यांवर कान ठेवून असायची. एखादा ठोका लांबल्यासारखा वाटला की घास हातातच राहायचा.

आणि अशातच खात्याचा पाहणी अधिकारी दारात उभा राहिला. यायचा होता पुढच्या आठवड्यात. तरुण होता, बोलायला अदबशीर.

“या भागात आलोच होतो, म्हटलं तुमचंही उरकून घेऊ. यंत्र चालताना पाहिलं की पहिला हप्ता सोडतो.”

तिने नळ सोडला, यंत्र टेकवलं आणि हेडफोन त्याला दिले. त्याने ते लावले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“नुसती धडधड येतेय हो. शेजारच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगता का?”

तिचा हात आपसूक वर गेला. पेर भिंतीला टेकायला तसूभर अंतर राहिलं होतं. टकटक केली तर तो थांबवेल, याची तिला खात्री होती. पाय पणाला लागला असूनही थांबवेल. त्या खात्रीचीच तिला इतकी लाज वाटली की तिने हात मागे घेऊन खिशात कोंबला.

“नाही साहेब. ते थांबवता येणार नाही.”

“मग मला लिहावं लागेल, प्रात्यक्षिक झालं नाही म्हणून. पुढची तारीख कधी लागेल, माझ्या हातात नाही. कदाचित या वर्षी नाहीच.”

“लिहा.”

त्याने लिहिलं. निघता निघता उंबऱ्यात थबकला.

“सुनावणीत बोललेल्या त्या तुम्हीच ना? टेबलावर पाय ठेवला होतात. आमच्या कचेरीत अजून नाव काढतात सगळे. त्या पायामुळेच मर्यादा वाढली म्हणायची. तुमच्याकडेच बनतो ना तो?”

“नाही,” ती म्हणाली. “हा आवाज येतोय ना, तो त्याचाच आहे.”

अधिकाऱ्याने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने फाइल काखेत मारली आणि निघून गेला.

तिने नळ बंद केला. आपण काही मोठेपणा केला असं तिला वाटलं नाही. सभागृहात गमावलेलं असं परत मिळत नसतं, एवढं तिला कळत होतं. हप्ता मात्र गेल्यात जमा होता, आणि घरी आईला काय सांगायचं हा प्रश्नच होता.

यंत्र न्यायला माणूस यायचा होता, त्या दिवशी उन्हं कलताना धडधड थांबली. इतकी शांतता झाली की पाण्याच्या टाकीत पडणारा थेंबसुद्धा तिला ऐकू आला. ती रंगाचा ब्रश तसाच धरून उभी राहिली.

मग पलीकडून भिंतीवर एकदा टकटक झाली.

झालं माझं, कर सुरू. आजवर त्या बाजूने कधी टकटक झाली नव्हती. पाय टिकला की मोडला, हे काही त्यावरून कळत नव्हतं. तिने उत्तर द्यायला हात उचलला आणि तो तिथेच राहिला. थांबवायला तिच्याजवळ खूण होती आणि सुरू करायलाही होती, पण जे सांगायचं होतं त्याला या भिंतीवर खूणच नव्हती. त्यासाठी बाहेरून वळसा घालून त्याच्या दारात जावं लागणार होतं.

तिने ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.