करडीचं खरं माप

कवळीवाल्याला एका जागी बूड टेकणं कधी जमलंच नाही. दुकानात बोळक्या तोंडांचं माप घेताना तेवढा तो स्थिर असायचा, कारण गिऱ्हाइकाच्या हिरड्या त्याच्या बोटांवर असायच्या आणि बिनदातांचा चावासुद्धा कळवळायला लावतो. घरी आला की मात्र त्याचे हात शिवशिवायचे, आणि ते शिवशिवणारे हात थेट कॉम्प्युटरवर जाऊन पडायचे.

कॉम्प्युटरवर लिनक्स होती. या लिनक्सची गंमत अशी, की ती फुकट मिळते आणि एकीला दहा मिळतात. जगभरातली हौशी मंडळी आपापल्या परीनं तिला नटवतात, नाव ठेवतात आणि मोकळी सोडतात. घ्या, वापरा, नाही पटली तर दुसरी घ्या. यातलं शेवटचं वाक्य कवळीवाल्यानं जरा जास्तच मनावर घेतलं होतं. नवी सिस्टिम चढवायची, चार दिवस तिचे गोडवे गायचे, मग तिच्यात खोड दिसायला लागायची, जेवताना घास हातात राहायचा, आणि पुढच्या सुट्टीला ती जाऊन तिच्या जागी तिसरीच आलेली असायची. शेजारी तर शपथेवर सांगत, की एकदा सिस्टिम अर्धी चढली असताना वीज गेली, तेव्हा यानं उरलेली मनातल्या मनात चढवली, आणि वीज आल्यावर कॉम्प्युटरनं ते निमूट मान्य केलं. दुसऱ्या एका वेळी त्याच्या विजारीच्या खिशातला, सिस्टिम चढवायचा पेनड्राइव्ह चुकून धुण्यात गेला, तर कपडे धुवायचं मशीन दिवसभर ‘भाषा निवडा’ म्हणत उभं राहिलं. खरंखोटं ते मशीनच जाणे.

त्याच कॉम्प्युटरवर त्याची बायको काम करायची. ती नाटकांचे कपडे शिवायची. अंगाची मापं घेऊन पडद्यावर कपड्याचे भाग आखायचे, ते प्रिंटरवर कागदावर काढायचे, कागद चिकटपट्टीनं जोडायचे आणि ते कापडावर ठेवून कात्री चालवायची, असा तिचा रिवाज. तिचा हात असा की नट पहिल्यांदा कपडा घालून बघायला यायचे तेच शेवटचं असायचं. दुसऱ्यांदा बोलवायची पाळी तिच्यावर आली नव्हती.

या खेपेला मोठ्या नाटकाचं काम होतं. राजा, प्रधान आणि दरबारभर माणसं. मापांचा कागद भिंतीवर लावून तिनं नवऱ्याला समोर बसवलं.

“अहो, नीट ऐका. हे नाटक उभं राहीपर्यंत या डबड्याला हात लावायचा नाही.”

“मी कशाला लावतोय?”

“मागच्या वेळी मी बाहीचं माप शोधत होते आणि पडद्यावर कसला तरी पेंग्विन हसत होता.”

“लिनक्सचं चिन्हच आहे ते. स्वागत करत होता.”

“माझ्याच घरात माझं स्वागत करायला पेंग्विन कशाला? शब्द द्या.”

“दिला.”

कोपऱ्यात आरामखुर्चीत सासूबाई होत्या. त्या लेकीकडेच राहायच्या, जावयानं केलेली कवळी घालायच्या आणि कॉम्प्युटरवरच्या सिस्टिमांना त्यांच्या पडद्याच्या रंगावरून ओळखायच्या. “हिरवी बरी आहे हो जावईबापू,” त्या म्हणाल्या. “नांदू द्या जरा तिला.”

हिरवी खरंच बरी होती, आणि तेच कवळीवाल्याला सोसेना. काही बिघडलं तर माणूस दुरुस्त करत बसेल. काहीच बिघडत नाही म्हटल्यावर करायचं काय? शिवाय त्याच आठवड्यात नवी एक सिस्टिम निघाली होती. करड्या रंगाची, सडपातळ, डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडणारी. दुकानात तो तिच्याविषयी वाचत बसायचा. एका आजोबांच्या कवळीत त्यानं त्या नादात वरचे दात खाली आणि खालचे वर बसवले. आजोबा तक्रार करायला आले, पण काय तक्रार आहे ते कुणाला कळेना.

एका दुपारी बायको उरलेल्या नटांची मापं घ्यायला तालमीच्या जागी गेली. कवळीवाला दुकान बंद करून घरी आला. खुर्चीत बसला. उठला. पाणी प्यायला. पुन्हा बसला. मग करडी भरलेला पेनड्राइव्ह आपणहून खिशातून बाहेर आला, निदान त्याचं म्हणणं तरी तसंच होतं.

बायकोच्या फायली त्यानं आधी जिवापाड जपून बाजूला काढल्या. एवढी अक्कल शाबूत होती. आजवर दर वेळी तो आपल्या जुन्या आवडीनिवडींचं गाठोडं, म्हणजे कुठला प्रिंटर, कसा कागद, केवढी अक्षरं हे सगळं, जुनीतून उचलून नवीत टाकायचा. या वेळी त्याच्या मनात आलं, की करडी इतकी नेटकी आहे, तिच्या अंगावर जुनी ओझी कशाला? गाठोडं त्यानं टाकून दिलं. करडी चढली. मग तो खऱ्या कामाला लागला, म्हणजे करडीला हिरवीसारखं दिसायला लावण्याच्या. तेच चित्र मागे, तीच चिन्हं त्याच जागी, घड्याळ त्याच कोपऱ्यात. सुरू होताना हिरवी एक बारीक टिणटिण करायची, तीही त्यानं घातली.

“दिसतेय तशीच,” सासूबाई म्हणाल्या.

तो दचकला. त्या तिथेच होत्या हे तो विसरूनच गेला होता. “आई, तुम्ही बोलणार नाही ना?”

सासूबाईंनी कवळी काढून वाटीत ठेवली. “तोंडात दात नाहीत,” त्या बोळक्यानं म्हणाल्या, “मी काय बोलणार?”

बायको आली, तिनं कॉम्प्युटर लावला, टिणटिण झाली, आणि ती कामाला बसली. कवळीवाल्याचा जीव भांड्यात पडला. तिथे तो थोडेच दिवस राहिला.

राजाचा कोट पहिला झाला. राजाचं काम करणारा नट चांगला भरल्या अंगाचा होता. त्यानं कोट चढवला तर आत अजून एखादा प्रधान मावला असता. बायको बघतच राहिली. तिनं खांदा चिमटीत धरला, पाठ धरली. सगळीकडे बोटबोटभर सैल.

राजा मात्र खूश झाला. “बाई, मी वाळलो. घरी कुणाला पटतच नव्हतं.” तिथून तो जो खानावळीत गेला, तो वाळल्याचा आनंद साजरा करूनच बाहेर आला.

प्रधानाचा अंगरखा सैल झाला. सेनापतीची विजार त्याच्या हातात राहिली.  जेवताना बायकोनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. कवळीवाला ते बघत होता, पण कारण त्यालाही कळेना. सिस्टिम बदलली म्हणून माणसाचा कोट सैल कसा होईल?

ती आंघोळीला गेली तशी त्यानं कचऱ्याची टोपली उपडी केली. प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या कागदावर ती छपाई तपासायचा, मापाचा एक चौकोन काढायची, पण नुसता सवयीनं; त्याला पट्टी कधी लावायची नाही. सैल झालेल्या कपड्यांचे कागद तिनं त्या टोपलीतच फेकले होते. त्यानं चौकोनाला पट्टी लावली. बरोब्बर. रेषभरही कमीजास्त नाही. मग त्यानं तिच्या कपाटातून मागच्या नाटकाचा जुना कागद काढला आणि त्यालाही पट्टी लावली. तो चौकोन लहान भरला.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. त्याच्या त्या गाठोड्यात प्रिंटरची एक खूण वर्षानुवर्षं तशीच राहिली होती, ‘पान कागदात बसवा’. त्यामुळे प्रिंटर प्रत्येक पान किंचित आखडून छापायचा. बायकोनं फार पूर्वी एकदा म्हटलंही होतं, की हा प्रिंटर कापड चोरतो. तो “बघतो” म्हणाला होता आणि नवीन सिस्टिम बघत बसला होता. तिनं वाट बघितली नाही. तिच्या कात्रीनंच ती चोरी भरून काढायला शिकून घेतलं. छाती असेल तिथे जास्त, मनगट असेल तिथे थोडं, न मोजता, न बोलता. आता करडी प्रामाणिक निघाली होती, आणि बायकोचा हात मात्र अजून भरपाई करत होता.

सरळ जाऊन सांगावं, एवढंच करायचं होतं. पण दिलेला शब्द आडवा आला. त्यानं गुपचूप करडीत शिरून ती जुनी खूण पुन्हा लावली. प्रिंटर पूर्ववत चोर झाला. झालं, म्हणाला, आता कुणाला काही कळायचं नाही.

पण बायको का हातावर हात ठेवून बसली होती? सगळं सैल होतंय म्हटल्यावर तिनं आपल्या हाताला धाकात ठेवलं आणि कागदाच्या रेषेवरून तंतोतंत कापायला सुरुवात केली. पुढचा कोट राजानं घातला आणि वाळल्याच्या आनंदात खाल्लेलं सगळं त्याच्या अंगावर उभं राहिलं. गुंडी सुटली ती तालमीच्या जागेच्या छताला लागली, तिथून परत येऊन प्रधानाच्या चहात पडली. प्रधानानं ती साखर समजून ढवळली.

त्या दिवसापासून बायकोनं कात्रीच खाली ठेवली.

“माझे डोळे गेले,” ती म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कवळीवाला तिच्याबरोबर गेला. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याचा गुडघा असा थडथडत होता, की समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचणाऱ्या एका धडधाकट म्हाताऱ्याला उगाच चष्मा लागला. सांगावं का? आत्ता सांगावं? ती बाहेर आली की? ती बाहेर आली.

“काय म्हणाले?”

“डोळे ठणठणीत आहेत.”

“बघ, मी म्हणत नव्हतो?”

“म्हणजे हात गेला,” ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

घरी येऊन तिनं नाटकाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. संध्याकाळी या, कापड घेऊन जा, दुसरं कुणी बघा. एवढंच बोलली आणि कापडाच्या घड्या घालायला लागली. घड्या मात्र अशा पडत होत्या, की कडेला कड, सुताचा फरक नाही.

कवळीवाला स्वयंपाकघरात गेला, बाहेर आला, खिडकी उघडली, लावली. कॉम्प्युटरसमोर बसला आणि लगेच उठला, जणू खुर्ची तापली होती. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी वाटीतली कवळी उचलली, तोंडात बसवली, आणि दात एकदा कटकन मिटले. तो आवाज ऐकताच तो गर्रकन वळला.

“आई, थांबा. मी सांगतो.”

“मी कुठे काय म्हटलं?” सासूबाई म्हणाल्या. “जेवायच्या तयारीत आहे.”

तो बायकोसमोर जमिनीवरच बसला. “हात ठीक आहे तुझा.”

“राहू दे हो. समजूत नका घालू.”

“समजूत नाही. मी सिस्टिम बदलली.”

तिची घडी थांबली. मग त्यानं सगळं सांगितलं. गाठोडं, चौकोन, आखडणारा प्रिंटर, मग न आखडणारा, मग पुन्हा आखडवलेला. सांगताना तो जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता.

ती उठली. टेप घेतली. जुना कागद, मधला कागद, शेवटचा कागद असे ओळीनं मांडले आणि तिन्ही चौकोन मोजले. मग आपला उजवा हात वर धरला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, हरवलेलं माणूस दारात उभं असावं तसं.

“वर्षानुवर्षं मी अंदाजानं भरत होते,” ती म्हणाली. “आणि एकदाही चुकले नाही.”

“एकदाही नाही.”

“आणि तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ दिलंत.”

 कवळीवाल्यानं मान खाली घातली. गुडघासुद्धा थांबला.

“अगं, आत्ता हिरवी परत चढवतो,” तो शेवटी म्हणाला. “तासाभराचं काम.”

“उठायचं नाही. खरं माप कोण देतं?”

“करडी.”

“मग करडीच राहील. तेवढी ती खूण काढा, आणि पुन्हा तिच्या केसालाही धक्का लावायचा नाही. हाताला मी सरळ कापायला शिकवीन. पण चार कापडं जातील त्यात. राजाचा कोट आजच उभा राहिला पाहिजे, आणि राजा मला फुगलाय म्हणून तोंड दाखवत नाही. तेव्हा तुम्ही उभे राहा.”

“मी? मी त्याच्या निम्मा नाही.”

“आई, उशा आणा.”

सासूबाईंनी मोठ्या हौसेनं जावयाच्या पोटाला एक आणि पाठीला एक उशी बांधली, आणि टेपनं त्याच्याभोवती फेरी मारून राजाचं माप, वर खानावळीची चार बोटं, भरल्याची खात्री केली. व्यवस्थापक कापड न्यायला आला तेव्हा खोलीच्या मधोमध कवळीवाला महाराज उभे होते. काखेखाली, कमरेला, मानेभोवती टाचण्याच टाचण्या. बायको तोंडात टाचण्या धरून भोवती फिरत होती. व्यवस्थापक काही विचारणार होता, तेवढ्यात तिनं हातानंच त्याला बसायला सांगितलं.

“हलू नका,” ती टाचण्यांआडून म्हणाली.

“किती वेळ?”

“जमेपर्यंत.”

कवळीवाल्याच्या नाकाला खाज सुटली. पायाला मुंग्या आल्या. एक श्वास जास्त घेतला तर बरगडीत टाचणी, कमी घेतला तर पाठीत. अशा अवस्थेत समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक छोटी चौकट वर सरकली. करडीची नवी आवृत्ती आली होती. आत्ता घ्यायची का, असं ती विचारत होती.

बायकोनं चौकट वाचली. मग हळूच नवऱ्याकडे बघितलं.

“मी काही बघितलं नाही,” कवळीवाला म्हणाला. त्याच्या पायाचा अंगठा हलायला लागला आणि पहिली टाचणी टोचली.