भिंतीपासून वीतभर

मित्रांनो, मी एक जुना फ्लॅट आहे. जाहिरातीत मात्र मला 'नव्याने सजवलेला, आटोपशीर, शहराच्या मध्यवस्तीला लागून' असं म्हटलंय. आटोपशीर म्हणजे दीड खोली आणि स्वयंपाकघर. चौथा मजला, लिफ्ट नाही, हे जाहिरातीत नाही.

मला बांधणाऱ्यांना फार घाई होती. त्या घाईची खूण म्हणून माझ्या मागच्या भिंतीत ओल राहिली. बांधणारे निघून गेले, ओल माझ्याकडेच राहिली.

मग टाचणीमावशी राहायला आल्या. ओठांत टाचण्या धरूनच बोलायच्या, म्हणून शेजारच्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. नवरा बसच्या कारखान्यात, मुलगा तेव्हा रांगता. मावशी कपडे शिवत. खिडकीपाशी त्यांचं पायमशीन इतकी वर्षं चाललं, की फरशीला चार खळगे पडले. माझी ओल त्यांनी पहिल्याच वर्षी हेरली. रागावल्या नाहीत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं आणि म्हणाल्या, "घे बाबा, श्वास घे." त्या फटीत हात घालून कोरड्या फडक्याने मला पुसत राहिल्या, वर्षानुवर्षं. गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशी, घर कसं लख्ख ठेवलंय!" मी फुगून जायचो. ओलीच्या भिंतीनं फुगू नये, हे कळत असूनही.

कापड दोनदा मोजल्याशिवाय त्या कात्री लावत नसत.

पुढे नवरा गेले. मुलगा लग्न करून लांबच्या नव्या वसाहतीत राहू लागला. एकदा तो रंगांचं कार्ड घेऊन आला. "आई, घराला रंग काढू. पंधरा दिवस धाकट्या मावशीकडे जा. परत आलीस की ओळखणार नाहीस!" मावशी हरखल्या. फिक्या पिवळ्यावर त्यांनी शिवणखडूनं फुली मारली. मग त्यानं एक कागद पुढे केला. "कामाची परवानगी आहे गं, इथं सही कर." चष्मा मशीनवर होता. चार पावलांचा कंटाळा नव्हता, मित्रांनो. पण पोटच्या पोरानं दिलेला कागद चष्मा लावून वाचायचा, म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांना वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी न मोजता कात्री लावली.

रंगारी आले. मला पांढरंफटक केलं. "फोटोत पांढरं मोठं दिसतं," मुलगा म्हणाला. ओलीवर पत्रा ठोकून वर लांबीचं पांढरं लिंपण फासलं. कपाट भिंतीला चिकटवलं. खळगे घासून सपाट केले, मशीन खाली उतरवलं. मी वेडा खूश होतो. मावशींसाठी नटतोय, असं धरून चाललो होतो. जिन्यात अनोळखी पावलं वाजली आणि दलाल माझी तारीफ करू लागला, तेव्हा कळलं. मला विकायला काढलं होतं.

बाराव्या दिवशी मावशी आल्या. एका गिऱ्हाइकाचा झगा अर्धवट राहिला होता, तो न्यायला. दार उघडंच होतं.

"या मावशी, या!" घर बघायला आलेलं गिऱ्हाईक समजून दलाल म्हणाला. "चपला बाहेर काढा हं, फरशी नवीकोरी आहे."

मावशींनी स्वतःच्या दाराबाहेर चपला काढल्या. एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा भिंतींकडे.

"आधी कोण राहायचं इथं?"

"होती एक म्हातारी. गेली."

"कुठं गेली?"

"ते कशाला आता? हवा बघा, मावशी, हवा!"

घर बघायला एक जोडपं आलं होतं. मुलगा स्वयंपाकघरात त्यातल्या नवऱ्याला नळ दुरुस्तीचं काहीतरी सांगत होता. त्या नवऱ्याची तरुण बायको मोजपट्टी घेऊन कपाटापाशी उभी होती. "हे इथंच राहू द्या हं," ती म्हणाली.

"भिंतीपासून वीतभर पुढे ठेव, बाळा," मावशी म्हणाल्या. "नाहीतर वर्षभरात कपड्यांना बुरशी येईल."

मुलगा बाहेर आला.

"आई?"

त्या मुलीनं मोजपट्टी गुंडाळली. दोघं निघाली, त्यांच्यामागे समजावत दलालही.

"सगळं मोडलंस," मुलगा म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी करत होतो. चार मजले, तू एकटी. आमच्याकडे खोली तयार आहे."

"मग तसं सांगायचंस. भांडले असते, रडले असते. कदाचित आलेही असते." मावशींनी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "तो कागद आण. आता वाचते. दोनदा."

कागद गाडीत होता. तो खाली गेला.

मावशी खिडकीपाशी बसल्या, हातानं फरशी चाचपली. खळगे सापडले नाहीत. मग उठल्या, कपाटाला खांदा लावला, आणि धापा टाकत वीतभर पुढे सरकवलं.

मित्रांनो, घराला रंग जरूर लावा. पण "तुझ्यासाठी" म्हणून लावत असाल, तर त्या माणसानं फुली कशावर मारली होती, तेवढं बघा. माझी ओल मी पत्र्याखाली झाकू शकतो. मावशींना ते जमणार नाही.

खाली गाडीचं दार कधीच उघडलंय. पावलं अजून जिन्याला लागलेली नाहीत.